पायथा, उंची, पाऊस आणि तारीख: उन्हाळ्यात थंड हवेचं ठिकाण कसं निवडावं

माथेरान, महाबळेश्वर, चिखलदरा, उटी, शिमला, लेह ही सगळी नावं आपण शाळेच्या भूगोलात ‘थंड हवेची ठिकाणं’ या एकाच शीर्षकाखाली पाठ केलेली असतात. पण माथेरान समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटरवर आहे आणि लेह ३,५०० मीटरवर. मे महिन्यातल्या दुपारी चिखलदऱ्यात सावली शोधावी लागते आणि त्याच दिवशी संध्याकाळी उटीत स्वेटर चढवावा लागतो. सुट्टीचं ठरवताना आपण हॉटेलचे फोटो बघतो, भाडं विचारतो, कुणी तरी ‘मस्त आहे’ म्हणालं म्हणून नाव पक्कं करतो. गारवा मात्र वेगळ्याच गोष्टींवर ठरतो: पायथा किती तापतो, तिथून आपण किती वर चढतो, डोंगराच्या कुठल्या अंगाला मुक्काम करतो आणि कुठल्या तारखेला जातो. एवढं समजून घेतलं की घरबसल्या बराचसा अंदाज बांधता येतो आणि पोरांना, आजी-आजोबांना घेऊन उन्हात हिंडायची वेळ येत नाही.

वर गेलं की गार का लागतं?

डोंगरावर आपण सूर्याच्या जवळ जातो, मग गरम व्हायला हवं, असा प्रश्न मुलं हमखास विचारतात आणि प्रश्न रास्तच आहे. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर लांब आहे, त्यापुढे दोन किलोमीटर चढण्याला काही अर्थ नाही. मुख्य मुद्दा असा की सूर्यकिरणांनी हवा थेट फारशी तापत नाही. किरण हवेतून आरपार जमिनीवर येतात, जमीन तापते आणि तापलेली जमीन तिला टेकलेल्या हवेला तापवते. म्हणजे हवेची चूल खाली आहे.

तापलेली हवा हलकी होऊन वर सरकते. वर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे ती पसरते. पसरण्यासाठी तिला स्वतःचीच उष्णता खर्च करावी लागते आणि ती गार होते. सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडताना व्हॉल्व्हपाशी बोट धरलं की गार झोत लागतो, तिथेही हेच घडत असतं. कोरडी हवा दर हजार मीटरला जवळपास १० अंशांनी थंड होते. हवेत बाष्प असेल आणि त्याचे ढग होऊ लागले तर कमी वेगाने, कारण बाष्पाचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते. सगळं धरून सरासरी काढली तर हजार मीटरला साडेसहा अंश हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

हा आकडा कागदावर वाचण्यापेक्षा अंगावर अनुभवायचा असेल तर मेट्टुपालयमहून उटीला जाणाऱ्या निलगिरीच्या छोट्या गाडीत बसावं. सकाळी सातच्या सुमारास गाडी सुटते तेव्हा मेट्टुपालयम जेमतेम ३३० मीटर उंचीवर असतं. एवढ्या सकाळीही डब्यात घाम फुटतो आणि बाहेर सुपारीच्या बागा दिसत असतात. कल्लार स्टेशन मागे पडलं की खरी चढण लागते. इथून कुन्नूरपर्यंत दोन रुळांच्या मधोमध दात असलेली पट्टी आहे, इंजिनाचं दातेरी चाक त्यात अडकत अडकत गाडीला वर ढकलतं. चढ इतका की दर बारा मीटर पुढे गेल्यावर गाडी एक मीटर वर जाते. भारतात दुसऱ्या कुठल्याही रेल्वेमार्गावर एवढा चढ नाही. गाडी माणसाच्या धावण्याच्या वेगाने चालते, त्यामुळे बदल सावकाश टिपता येतो. आधी दाट जंगल, ओले कातळ, बोगद्यातला गारठा. मग कुन्नूरला चहाचे मळे. तिथून पुढे निलगिरीची उंच झाडं आणि त्यांच्या पानांचा तो औषधी वास. दुपारी बाराच्या आसपास उटी येतं, उंची २,२०० मीटरच्या वर. म्हणजे ज्या पाच तासांत खाली मैदानात ऊन चढत गेलं, त्याच पाच तासांत डब्यातली माणसं खिडक्या ओढून घ्यायला लागलेली असतात. ४६ किलोमीटरचा हा मार्ग कुन्नूरपर्यंत १८९९ साली आणि उटीपर्यंत १९०८ साली पोचला. २००५ पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिकीट मिळायला अवघड असतं, तरी उन्हाळ्यात उटीला जाणाऱ्याने आधी या गाडीचं आरक्षण बघावं आणि मग बाकीच्या तारखा ठरवाव्यात, असं माझं मत आहे.

मोजायचं पायथ्यापासून

साडेसहा अंशांचा हिशोब करताना एक चूक फार होते. मुंबईकर म्हणतो, आमच्याकडे ३४ अंश आहे, माथेरान ८०० मीटरवर, म्हणजे पाच अंश वजा, २९ अंश. छान! आणि माथेरानला पोचल्यावर दुपारी चांगलं तापलेलं असतं. कारण माथेरानचा पायथा म्हणजे गिरगाव किंवा दादर नव्हे. पायथा आहे नेरळ-कर्जतचा पट्टा. समुद्राच्या वाऱ्यापासून आत असल्यामुळे तो मुंबईपेक्षा कितीतरी जास्त तापतो, उन्हाळ्यात पारा ४० च्या आसपास जातो. त्यातून पाच वजा केले की खरा आकडा कळतो.

मग माथेरानला उन्हाळ्यात जाऊच नये का? अवश्य जावं, पण कशासाठी जायचं ते ठाऊक असावं. मुंबईच्या उन्हाळ्यात पाऱ्यापेक्षा दमटपणा जास्त छळतो. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला तरच अंग गार होतं. रात्री पारा २७ च्या खाली उतरत नाही म्हणून झोप लागत नाही. माथेरानला रात्री हवा हलकी होते, वारा असतो, झाडी दाट आहे. शिवाय मोटारींना बंदी. दस्तुरी नाक्याला गाडी लावायची आणि तिथून चालत, घोड्यावर किंवा अमन लॉजहून सुटणाऱ्या छोट्या गाडीने गावात. धूर नाही, हॉर्न नाही, लाल मातीच्या वाटेवर पोरं मोकळी धावू शकतात. सकाळी अकरापर्यंत आणि चारनंतर हिंडायचं, दुपार सावलीत काढायची. हे पथ्य पाळलं तर माथेरानएवढं सोपं आणि जवळचं ठिकाण मुंबईकरांना दुसरं नाही.

विदर्भाचंही तसंच. नागपूर-अमरावतीला मे महिन्यात ४३ अंश म्हणजे नेहमीचंच. चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर आहे, पायथ्यापेक्षा सातआठशे मीटर उंच. हिशोब केला तर दुपारी ३७-३८ अंश निघतात आणि अनुभवही साधारण तोच येतो. पण संध्याकाळी मेळघाटच्या जंगलावरून वारा सुटतो तेव्हा नागपूरकराला जो फरक जाणवतो तो फार मोठा असतो. विदर्भात कॉफी पिकते ती इथेच, यावरूनही हवेची कल्पना यावी. मध्य प्रदेशातलं पचमढी उंचीने जवळपास तेवढंच, तिथला धूपगड १,३५२ मीटरचा, सातपुड्याचा सर्वात उंच माथा. या दोन्ही ठिकाणी मेमधल्या दुपारी खोलीत बसायची तयारी ठेवावी.

पुण्याहून महाबळेश्वरचा हिशोब जास्त फायद्याचा निघतो. पुणे ५६० मीटरवर, महाबळेश्वर १,३५० मीटरच्या पुढे. पुण्यात ३८ असेल तर महाबळेश्वरला ३३ यायला हवं. प्रत्यक्षात त्याहूनही दोन-तीन अंश कमी असतं. हे जादाचे अंश कुठून आले, ते पाहण्यासारखं आहे.

घाटमाथा, उतार आणि सावली

महाबळेश्वर सह्याद्रीच्या अगदी कडेवर बसलेलं आहे. पश्चिमेला जमीन एकदम तुटते आणि खाली कोकण. दुपारी समुद्राकडून आलेला वारा या भिंतीवर आपटून वर चढतो. ऑर्थर सीटजवळ कड्याच्या तोंडाशी उभं राहून वाळलेलं पान दरीत सोडलं तर ते खाली न जाता गिरकी घेत वर येतं, डोक्यावरून मागे निघून जातं. ही गंमत म्हणून लोक करतात, पण दुपारी महाबळेश्वर गार का राहतं त्याचं उत्तरच त्या पानात आहे. वर चढणारी हवा पसरून थंड होत होत माथ्यावर पोचते. त्यात अंजन, जांभूळ, हिरड्याची बुटकी पण गच्च झाडी. पानं जमिनीला तापू देत नाहीत आणि स्वतः पाणी सोडून हवा गार ठेवतात. त्याच गावात झाडं तोडून मोकळ्या केलेल्या, सिमेंट घातलेल्या आवारात हा फरक लगेच कळतो. हॉटेल निवडताना खोलीचा आकार बघण्याआधी आवारात किती झाडी उरली आहे ते विचारावं.

हाच घाटमाथा पावसाळ्यात ढग अडवतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून पूर्वेला वीसेक किलोमीटरवर पाचगणी, तिथे याच्या साधारण तिसरा हिस्सा. पसरणीचा घाट उतरून वाईला आलं की हजार मिलिमीटरच्याही खाली. एका तासाच्या प्रवासात पाऊस एवढा बदलतो. इंग्रजांनी हे ओळखलं होतं. १८२८ च्या सुमारास सर जॉन माल्कमने महाबळेश्वरला उन्हाळी ठाणं वसवलं खरं, पण पावसाळ्यात तिथे राहणं अशक्य, म्हणून बारा महिने राहण्याजोगी जागा शोधताना नंतर पाचगणी उभी राहिली. तिथे निवासी शाळा निघाल्या त्या याच कारणाने. क्षेत्र महाबळेश्वर मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून तीर्थ आहे. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचा उगम तिथल्या पंचगंगेच्या देवळात मानतात.

इतका पाऊस पडूनही मे महिन्यात पाण्याची ओढ का? माथ्यावर सच्छिद्र जांभा खडक आहे, त्याखाली घट्ट काळा कातळ. पाणी जांभ्यातून झिरपतं, कातळाला अडतं आणि बाजूने झऱ्यांच्या रूपाने निघून जातं. बाकीचं उतारावरून वाहून कोकणात आणि कोयनेच्या खोऱ्यात. वर साठतं थोडंच. गावाचा मुख्य आधार असलेला वेण्णा तलाव १८४२ साली साताऱ्याच्या महाराजांनी बांधून घेतला, त्यावर आज हंगामात लाखो पाहुण्यांचा भार पडतो. म्हणून मे महिन्यात तिथे टब भरून अंघोळ करणं मला पटत नाही. लिंगमळ्याचा धबधबाही या दिवसांत जवळपास कोरडा असतो, तो बघायला मुद्दाम वाकडी वाट करू नये.

रात्रीच्या गारव्याचं गणित पुन्हा निराळं. सूर्य मावळल्यावर जमीन निवते, तिच्यालगतची हवा जड होऊन उताराने खोलगट भागात उतरते. हिवाळ्यात वेण्णा तलावाकाठी दव गोठतं आणि बाजारपेठेत गोठत नाही, ते यामुळेच. उन्हाळ्यात गाढ झोप हवी असेल तर खोलगट भागातला मुक्काम बरा, दुपारचा वारा हवा असेल तर कडेचा.

महाबळेश्वर-पाचगणीला जायचं तर मेचा पहिला पंधरवडा आणि सोमवार ते गुरुवार. शनिवार-रविवारी पसरणी घाटात गाड्यांची रांग लागते आणि सुट्टीचे तास घाटातच जातात. स्ट्रॉबेरीचा हंगाम तेव्हा सरत आलेला असतो, पण करवंदं, जांभळं, तोरणं यायला लागतात. रस्त्याकडेला पानाच्या द्रोणात रानमेवा घेऊन बसलेल्या बायकांकडून तो जरूर घ्यावा. मुलं वाचणारी असतील तर भिलारला एक दिवस काढावा. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव झालं आहे. लोकांच्या घरांत, देवळांत पुस्तकं मांडलेली आहेत आणि कुणीही बसून वाचू शकतं. मांघर हे मधाचं गावही जवळच आहे.

हिमालयात सूर्याचा दिवस लांब

दक्षिणेकडून उत्तरेकडे गेलं की आणखी एक गोष्ट हिशोबात येते. श्रीनगर आणि मुन्नार उंचीने साधारण सारखेच, दीड हजार मीटरच्या थोडं पुढे. पण मुन्नारला बारा महिने हवा जवळपास एका पट्टीत राहते, श्रीनगरला जानेवारीत रात्री पारा शून्याखाली जातो आणि जुलैत दुपारी ३० च्या वर. विषुववृत्तापासून लांब गेलं की उन्हाळ्याचा दिवस लांबतो आणि हिवाळ्याचा आखडतो. त्यामुळे हिमालयातल्या मध्यम उंचीच्या गावांत जूनमध्ये चांगलं ऊन लागतं. शिमला २,२०० मीटरवर असूनही भर जूनमध्ये दुपारी २५-२८ अंश असतात. दिल्लीच्या ४२ अंशांतून येणाऱ्याला तो स्वर्ग वाटतो, पण बर्फ बघायच्या आशेने आलेलं कुटुंब हिरमुसतं. मेमध्ये बर्फ हवं तर आणखी वर, मनालीजवळच्या ३,९७८ मीटरच्या रोहतांगसारख्या खिंडीपाशी जावं लागतं. त्यासाठी परवाना लागतो आणि गाड्यांची संख्या ठरलेली असते.

शिमल्याबद्दल थोडं बोललं पाहिजे. १८६४ पासून ती इंग्रजांची उन्हाळी राजधानी होती, गाव कड्यावर बांधलं गेलं थोड्या हजार माणसांसाठी. २०१८ च्या मे-जूनमध्ये तिथे पाण्याचा असा तुटवडा पडला की स्थानिक लोक रस्त्यावर उतरले. म्हणून उत्तरेत जायचं तर मी उत्तराखंडातल्या कुमाऊँकडे बोट दाखवेन: मुक्तेश्वर, कौसानी, बिनसर. मुक्तेश्वरचं पुण्याशी नातं आहे. जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा १८८९ साली पुण्यात सुरू झाली आणि १८९३ साली मुक्तेश्वरला हलवली गेली. रोगजंतू हाताळायला वस्तीपासून दूर आणि थंड जागा हवी होती. ओक आणि देवदाराच्या रानातली ती जागा आजही शांत आहे.

निलगिरीतही गर्दीला आवर घालावा लागला आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ७ मे २०२४ पासून उटी आणि कोडाईकनालला बाहेरच्या गाड्यांना ई-पास लागतो. २०२५ च्या उन्हाळ्यात निलगिरीसाठी रोज ६,००० आणि सुट्टीच्या दिवशी ८,००० गाड्यांची मर्यादा होती. कोडाईकनालसाठी हेच आकडे ४,००० आणि ६,००० होते. स्वतःची गाडी घेऊन निघणाऱ्याने पास आधी काढावा. आणि उटी गावातच राहण्याचा हट्ट नसेल तर कुन्नूर किंवा कोटागिरीला उतरावं. उंची तीनचारशे मीटर कमी, म्हणजे दोन-अडीच अंशांचा फरक, पण चहाच्या मळ्यांतली पहाट आणि मोकळे रस्ते मिळतात.

तारीख आणि पाऊस

मोसमी पाऊस केरळात साधारण १ जूनला येतो, मुंबईत ११ जूनच्या आसपास, हिमाचलात जूनच्या शेवटच्या आठवड्यात. सुट्टीचा पट या तारखांवर बेतावा. मुन्नार आणि कोडाई एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत. मेअखेरीस तिथे मोसमी पावसाचे ढग जमायला लागतात. सह्याद्री मेच्या अखेरपर्यंत. हिमाचल आणि कुमाऊँ मेचा दुसरा पंधरवडा ते २० जून. त्यानंतर दरडी कोसळायला लागतात, रस्ते बंद पडतात, तिकडे जाऊ नये. दार्जिलिंग आणि शिलाँगकडे पाऊस मोसमी वाऱ्यांची वाट बघत नाही, एप्रिलपासूनच दुपारनंतर गडगडाटी सरी येतात. कांचनजंगा बघायचं असेल तर एप्रिलची पहाट बरी, मेअखेर ते धुक्यात असतं.

जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टी मिळत असेल तर लडाख आणि स्पिती. हिमालयाच्या पलीकडे मोसमी ढग क्वचितच पोचतात, म्हणून बाकी देश भिजत असताना तिथे आकाश निळं असतं. पण इथे उंचीचा हिशोब उलट अंगाने करावा लागतो. ३,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश, म्हणजे प्रत्येक श्वासातला प्राणवायू त्याच प्रमाणात कमी. विमानाने थेट लेहला उतरलं तर पहिले दोन दिवस काहीही करायचं नाही: पाणी प्यायचं, पडून राहायचं, जिने सावकाश चढायचे. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं ही सुरुवातीची लक्षणं. ती असताना आणखी वर जायचं नाही. चालताना तोल जाऊ लागला, बसल्या जागी धाप लागली किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर रात्र असली तरी खाली उतरवायचं आणि दवाखाना गाठायचा. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं, उंचीवरच्या गोळ्याही त्यांच्याच सल्ल्याने घ्याव्यात. दर हजार मीटरला अतिनील किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, त्यामुळे थंडी वाजत असतानाच गाल भाजून निघतात. टोपी, काळा चष्मा आणि अंग झाकणारे सुती कपडे स्वेटरच्या आधी पिशवीत भरावेत.